आबांनी दाखवलेली जागा

"ही बाई कापत नाहीये," मुकुंद म्हणाला. "ही काहीतरी शोधतेय."

रान तोडायचा पहिलाच दिवस होता. आम्ही दोघे हद्दीच्या दगडी गडग्याशी उभे होतो आणि खालच्या उतारावरून माणसं ओळीने कोयत्या चालवत वर सरकत होती. रानमोडी, करवंदाच्या जाळ्या, दिंड्याची झुडपं खाली पडत होती. ओळ पुढे गेली की मागे तांबडी जमीन उघडी पडायची. एकाच ठिकाणी ओळ तुटली होती. हिरव्या सुती साडीतली एक बाई मागे राहिली होती. ती झुडूप कापून बाजूला टाकायची, मग कोयती खाली ठेवून दोन्ही हातांनी पालापाचोळा सारायची. दगड दिसला की त्याच्या कडेने बोटं फिरवून बघायची आणि मगच पुढे जायची.

बाकीच्यांच्याही ते लक्षात आलं होतं. "काय वैनी, हंडा गावला काय?" एकाने विचारलं. दुसऱ्याने सल्ला दिला की गावला तर सायबाला सांगू नको, रान त्याचं, हंडा आपला. सगळे हसले. तीही हसली, पण हात थांबले नाहीत.

मुकुंदला घाई होती. पावसाच्या आत जमीन साफ करून, मशीन लावून, कलमांसाठी टप्पे पाडून घ्यायचे होते. जेसीबीवाला फार मिनतवारीने मिळाला होता आणि तो परवा येणार होता. त्याआधी खालचं रान निघालं नाही, तर तो दुसरीकडे जाणार आणि मग थेट दिवाळीनंतर उगवणार. मुकुंदचं म्हणणं, बाईला समज द्यावी नाहीतर घरी पाठवावं. मी म्हटलं, मी बोलते.

जमीन घ्यायचं आम्हा नवराबायकोच्या मनात बरीच वर्षं होतं. मुकुंदच्या नावावर वडिलांकडून आलेला सातबारा होता, त्यामुळे खरेदीला अडचण नव्हती. माझं सगळं आयुष्य माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेलं होतं. दुसऱ्यांच्या शेतातली, पिशव्यांतून आलेली माती. स्वतःच्या पायाखालची माती असावी असं वाटायचं. हा तुकडा लांज्याच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून आत. खालच्या अंगाला पावसाळी ओढा, पऱ्या, वाहतो, वर चढत गेलं की झाडी विरळ होते आणि सडा लागतो, म्हणजे उघडा कातळ. खरेदीआधी मी स्वतः, जमिनीत भोक पाडून माती काढायचं गिरमिट घेऊन दिवसभर हिंडले होते. पऱ्याकडे गिरमिट मुठीपर्यंत आत जायचं. वरच्या कोपऱ्यात चार बोटांवर खडखडून थांबायचं.

जमीन पाष्ट्यांची होती. मुंबईच्या पुतण्यांनी विकायची ठरवली आणि गावातल्या म्हाताऱ्या चुलत्याने, सोनू पाष्ट्यांनी, अंगठा दिला. सगळं गाव त्यांना आबा म्हणे. मागे राहिलेली बाई ही त्या आबांची सून होती, सुगंधा. हे मला ती बोलायला लागल्यावर कळलं.

मी जवळ गेले तेव्हा ती उभी राहिली आणि पदराने हात पुसले. काही हरवलंय का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. मग लगेच म्हणाली की संध्याकाळपर्यंत मागचं सगळं भरून काढते, मजुरी कापू नका आणि घरी तेवढं पाठवू नका. मी म्हटलं, मजुरीचा प्रश्नच नाही, पण शोधताय काय ते सांगितलंत तर मीही बघेन.

तिने ओळीकडे पाहिलं. ओळ लांब गेली होती.

"माझी पोरगी हाय हितं," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मी आजूबाजूला पाहिलं, कुणी लहान मूल सावलीला झोपवलंय का म्हणून.

मग तिने सांगितलं. सांगताना ती खाली बसली आणि पुन्हा पाला सारू लागली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली मुलगी. पाच महिन्यांची होऊन गेली, आषाढात. नवरा तेव्हा मुंबईला गिरणीत. दात न आलेल्या मुलाला त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात. आणि ते काम घरातला पुरुष करतो. आईने बरोबर जायचं नाही. जागा तिला सांगायची नाही, तिनेही विचारायची नाही. आईने जागा बघितली की तिचा जीव तिथे अडकतो आणि पुढचं मूल धरत नाही, असं मानतात. आबांनी मुलीला फडक्यात गुंडाळून नेलं आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी परत आले. "रानात ठेवली," एवढंच म्हणाले.

"दुसरं व्हावं म्हनून सांगत न्हायती," सुगंधा म्हणाली. "दुसरं झालंच न्हाय. नवरा पन गेला. आता सांगाया काय हरकत हाय, सांगा तुमी."

इतकी वर्षं ती याच रानात लाकडाला येत होती. पण खाली बघायची नाही. बघू नये म्हणतात म्हणून मान वर ठेवून चालायची. रान आपलंच होतं, मुलगी आपल्याच रानात होती, तेवढं पुरत होतं. मग रान विकलं गेलं आणि मशीन येणार असं कानावर आलं. दुसऱ्याच्या जमिनीत नुसतं फिरलं तर लोक चार गोष्टी बोलतात, मजुरीला आलं तर कुणी विचारत नाही, म्हणून ती मजुरीला आली होती.

"वर दगड रचत्यात," ती म्हणाली. "कोल्ह्यानं उकरू नये म्हनून. दगड तरी आसतील." तिने समोर पाहिलं. जांभ्याचे दगड जिथेतिथे होते. "मना काय नको मॅडम. न्यायची न्हाय, कायच न्हाय. फक्त मशीन तेवढी जागा सोडून चालू दे."

मी मुकुंदला सांगितलं.  तो म्हणाला, जेवढी जागा म्हणेल तेवढी सोडू, पण कुठली ते कळलं पाहिजे. परवापर्यंत सगळं रान हाताने उलटून होणार नाही. ज्याने पुरलं त्यालाच विचारायला हवं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी आबांकडे गेले. घर वाडीच्या टोकाला होतं. आबा पडवीत भिंतीला टेकून बसले होते, पाय पुढे पसरून. गुडघे सुजलेले होते. खरेदीच्या वेळी मी त्यांना पाहिलं होतं. तेव्हा ते कुणाकडे न बघता अंगठा उमटवून बाहेर जाऊन बसले होते. मला ओळखून त्यांनी बसायला पाट सरकवला आणि रान कितपत झालं ते विचारलं.

मी सरळ विषयाला हात घातला. ते ऐकत राहिले. मधेच म्हणाले की ती कामाला गेलीय ते मला सकाळीच कळलं, पण कशाला गेलीय ते मी विचारलं नाही.

"जागा सांगत नसतात," ते म्हणाले.

मी म्हटलं, मला माहीत आहे. पण तुम्ही नाही सांगितलंत तर मशीन सगळीकडे चालेल, आणि ती दिवसभर मशीनच्या पुढे उभी राहील.

आबांनी पडवीच्या बाहेर थुंकून घेतलं. अंगणात कुणाची तरी कोंबडी पिलं घेऊन आली होती, तिच्याकडे बघत बसले. मी उठायला लागले तेव्हा म्हणाले, "सकाळी येतो. धरून न्यायला कोनतरी पाठवा."

सुगंधाला मी ते सांगितलं. तिने मान हलवली आणि उरलेला दिवस ओळीत राहून काम केलं, बाकीच्यांपेक्षा जास्तच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंद स्वतः आबांना आणायला गेला. वाटेत तीनदा बसवावं लागलं, असं त्याने नंतर मला सांगितलं. ते गडग्यातून आत शिरले तशी कोयत्यांचा आवाज थांबला. माणसं उभी राहून बघू लागली. कालचा हंडावाला डोक्यावरचं फडकं काढून हातात घेऊन उभा होता. आबांनी एकदा खाली पऱ्याकडे पाहिलं. मग काठी टेकत, मुकुंदच्या खांद्याला धरून, चढणीला लागले. आम्ही मागून चाललो, मी आणि सुगंधा. तिने पायातली चप्पल काढून गडग्यापाशी ठेवली होती.

झाडी विरळ झाली. आबा थांबले नाहीत. अगदी वरच्या कोपऱ्यात, सड्याच्या कडेला, किंजळीचं एक वाकडं झाड आहे. त्याच्या बुंध्यापासून दोन पावलांवर त्यांनी काठी टेकवली.

"हितं," ते म्हणाले.

काठीचा आवाज मी ऐकला. मातीत टेकलेल्या काठीचा आवाज तसा येत नाही. याच झाडाच्या अलीकडे आणि पलीकडे मी गिरमिट लावलं होतं, दोन्हीकडे चार बोटांवर थांबलं होतं.

सुगंधा पुढे होऊन बसली. तिने पाला बाजूला केला आणि उघड्या जमिनीवर पालथा हात ठेवला. दगड रचल्याची काही खूण नव्हती. इतक्या वर्षांत गुरांच्या पायांनी विखुरलेही असतील, असं मुकुंद हळूच म्हणाला. आबा तिच्याकडे बघत नव्हते. ते वळले आणि मला म्हणाले, "मना खाली सोडा."

मी त्यांचा दंड धरला. उतरताना त्यांना दम लागत होता. पऱ्यापाशी आल्यावर एका दगडावर बसले. फाल्गुनात पऱ्याला पाणी नसतं, नुसते गोटे असतात.

"आबा," मी म्हटलं, "तिथे खाली कातळ आहे."

"हाय," ते म्हणाले.

मी वाट पाहिली.

"तुमी भोकं पाडून बघितलीव, ते मना म्हायत हाय. म्हनून तुमाला सांगतो. न्हायतर तुमी तिच्यासमोर बोलाल."

आणि त्यांनी सांगितलं, गोट्यांकडे बघत, मधे मधे थांबत. आषाढ होता आणि पावसाने कित्येक दिवस उघडीप दिली नव्हती. बरोबर भाऊ येणार होता, तो तापाने पडलेला. एका हातात फडक्यातली पोर, एका खांद्यावर कुदळ, असे ते एकटे आले. पहिला खड्डा त्यांनी इथेच खणला, कारण माती इथेच खोल होती. हातभर खाली गेले तो बाजूंनी पाणी आत येऊ लागलं. उपसलं, पुन्हा भरलं. मग थोडं वर जाऊन खणलं, तिथेही तेच. मी ते ऐकत असताना माझ्या डोळ्यांपुढे ती जमीन होती: वर सड्यावर पडलेलं पाणी कातळावरून सरकत खालच्या मातीत उतरतं, आणि भर पावसात ती माती पाण्याने काठोकाठ भरलेली असते. कुठेही खणलं तरी विहीरच लागली असती.

"ठेवली की वर यायची," आबा म्हणाले. "फडक्यासकट वर यायची वो. पाण्यात ठेवायची कशी?"

शेवटी पऱ्याच्या काठच्या गडग्यात एक पोकळी होती, तिथे त्यांनी तिला ठेवलं. तोंडाशी दगड रचले, फटींत काट्या घातल्या. पाऊस कमी झाला की नीट खड्डा खणून पुरू, असं मनाशी म्हणून घरी गेले. रात्रभर पाऊस कोसळत होता. सकाळी आले तर गडगाच नव्हता. पऱ्याने काठ खाऊन नेला होता.

"खालपर्यंत गेलो बघत. नदीपर्यंत." त्यांनी हाताने पऱ्याची दिशा दाखवली. "घरी येऊन काय सांगू तिला? पान्यानं नेली म्हनून?"

मी विचारलं, मग तीच जागा का दाखवलीत. खाली कुठेही दाखवता आली असती. मऊ मातीत.

आबांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "मऊ मातीत तुमी झाडं लावाल. आज न्हाय तर तुमच्या मागून कोनी लावंल. खनंल आनि कायच गावायचं न्हाय. कातळावर कोन खनतोय?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "तुमी बोलू नका."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांना दोन माणसांबरोबर घरी पाठवलं आणि वर गेले.

मुकुंद तिथेच होता. त्याने झाडाभोवती चुन्याचं रिंगण आखायला घेतलं होतं, चांगलं मोठं. मला पाहून त्याने सुगंधाला ऐकू जाईल असं, धीर द्यायला म्हणून, सांगितलं की या कोपऱ्याची काही काळजीच नाही, इथे खाली सगळा कातळ आहे, मशीनला काम नव्हतंच, काही लावायचं झालं तरी लागणार नाही. तो मनापासून बोलत होता. मग चुना संपला म्हणून आणायला खाली गेला.

सुगंधा बसलेलीच होती. कोयती तिच्या हातात होती. समोरची माती तिने वीतभर रुंद खरवडली होती आणि खाली जांभा दिसत होता. त्यावर कोयतीच्या टोकाचे ओरखडे होते, एकमेकांना लागून.

"मॅडम, हितं खड्डा कसा खनला आसंल आबांनी?"

आयुष्यभर माणसांनी मला हेच विचारलं होतं, या मातीत काय आहे आणि काय नाही, आणि जे असेल ते मी सांगत आले होते. एखाद्याला वाईट वाटेल म्हणून आकडा बदलून दिला नव्हता.

"कातळ अखंड नसतो," मी म्हटलं. "त्याला भेगा असतात, खळगे असतात. त्यात माती साठते, खोलवर. हे झाड बघा. एवढं झाड उभं आहे म्हणजे त्याच्या मुळांना खाली कुठेतरी माती मिळालेली आहे."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

तिने झाडाकडे वर बघितलं, शेंड्यापर्यंत. मग माझ्याकडे.

"तुमचं शिक्षन ह्यातलंच ना?"

"हो."

"आनि आबा पऱ्यापाशी बसले व्हते, ते काय म्हनाले?"

"दम लागला होता," मी म्हटलं. "म्हणून बसले."

ती हसल्यासारखी झाली. खरवडलेली माती तिने दोन्ही हातांनी पुन्हा त्या जागेवर ओढली, वर पाला पसरला आणि तळव्याने दाबून सारखा केला. हे तिने फार काळजीने केलं. आजूबाजूचे चार दगड आणून रचले. मग उठून साडी झाडली.

"आबांना सांगा," ती म्हणाली, "मना पटलं म्हनून. मी सांगितलेलं त्यांना खरं वाटायचं न्हाय. तुमी सांगा."

ती खाली उतरली आणि ओळीत जाऊन उभी राहिली. कुणीतरी तिला जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी मशीन आलं आणि दिवसभर चाललं. पऱ्याकाठची माती सगळ्यात आधी ओढली गेली. टप्पे पडले, पावसात कलमं लागली. आता तिथे काजू धरतो. वरच्या कोपऱ्यात मुकुंदने रिंगणाच्या जागी दगडी कट्टा बांधून घेतला. सुगंधा त्या जागेवर पुन्हा गेल्याचं मी पाहिलं नाही. कामाला मात्र ती त्यानंतरही येत राहिली.

पण मला सांगायचं आहे ते आबांनी जागा दाखवली त्या संध्याकाळचं. काम सुटल्यावर मी आबांकडे गेले. ते पडवीत आडवे झाले होते. मला पाहून उठून बसले. आत चुलीपाशी भांड्यांचा आवाज येत होता. सुगंधा माझ्या आधी घरी पोचली होती. मी आवाज खाली न करता, आत ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "आबा, तिला जागा पटली."

 आबांनी दाराकडे एकदा बघून अगदी हळू विचारलं, "रडली काय?"

मी खोटं बोलायला तयार नव्हते. निदान दुसऱ्यांदा नाही.

"नाही," मी म्हटलं.

आबांनी मान खाली घातली. "मंग न्हाय पटली," ते म्हणाले.

आतून सुगंधा चहा घेऊन आली. एक कप माझ्यासमोर ठेवला. दुसरा आबांच्या हातात देताना तिने त्यांची बोटं कपाभोवती आवळून धरली आणि ते पिऊन होईपर्यंत तशीच बसून राहिली.